मान वळवा बघू

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर मटार सोलले. दुसरं काही नाही. येरवड्यात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत सकाळचं ऊन येतं. तिथं ही चटई टाकून बसली, मी पाटावर, मध्ये पातेलं. चार दाणे पातेल्यात गेले की एक माझ्या तोंडात.

"अहो, पातेलं इकडे आहे," ती म्हणाली. "तुमचं तोंड भरलं की सांगा, मग मी सोलायला सुरुवात करते."

तेवढ्यात गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस वर आला. सिलिंडर टेकवायला वाकला तशी हिने शेंग हातातच धरून त्याला म्हटलं, "मान वळव बघू." तो नेहमीचा. त्याने निमूट कॉलर खाली ओढून पाठ फिरवली.

"फिकी झालीय. भात कमी केलास?"

"केला ना आजी."

"खोटं बोलतोस. पण फिकी झालीय."

तो हसत जिना उतरला. आमची उसळ झाली, जेवणं झाली. "चारला उठवा, चहा मी करते, तुम्ही साखर ओतता," असं सांगून ती आडवी झाली. चारला मी हाक मारली. ती उठली नाही.

त्याबद्दल एवढंच. मला लिहायचंय ते ती उठत होती तेव्हाचं.

लिहायची मला सवय नाही. शाळा सातवीत सुटली. नंतर लिहिले ते रजेचे अर्ज, तेही दुसऱ्याचा बघून. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढली. आम्हाला मूल नाही. झालं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणी शोधत बसायला नको.

ही नर्स. दवाखान्यातली नव्हे, शाळाशाळांतून मुलं तपासत फिरणारी. उंची, वजन, डोळे, दात, रक्तदाब. लहान पोरांकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. हिचा डोळा आठवी, नववी, दहावीवर. तिचं म्हणणं असं की तापाने फणफणलेलं पोर आईला दिसतं, पण रक्तदाब चढलेलं पोर मैदानात क्रिकेट खेळत असतं. "आजार आधी खोली बघून जातो," ती म्हणायची, "सामान नंतर आणतो. खोली बघायला येतो तेव्हाच हाकलायचा. एकदा कपाट आत आलं की भाडेकरू काही निघत नाही."

आणि खोली बघायला आलेला भाडेकरू कुठे दिसतो, तर मानेवर, असं तिचं ठाम मत. काही मुलांच्या मानेमागे काळपट, जाडसर पट्टा दिसतो. लोकांना वाटतं मळ. तो मळ नसतो. साखरेचा आजार पुढे येऊ शकतो, आत्ताच तपासा, असं शरीर सांगत असतं. हे मला तिने लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं, तेही माझीच मान धरून.

मग काय, बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाची मान. रिक्षावाल्याची मान. न्हाव्याच्या दुकानाबाहेर ही उगाच थांबायची, कारण तिथं सगळ्या माना आयत्या उघड्या. माझ्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आत हिने नवरदेवाच्या धाकट्या भावाचा फेटा मागून उचलला. वरमाई ओरडली, "अहो काकू, काय चाललंय?" ही शांतपणे म्हणाली, "चालू द्या तुमचं. याला सोमवारी माझ्याकडे पाठवा, उपाशीपोटी." भर मांडवात. पुढची तीन लग्नं आम्हाला आमंत्रण नव्हतं. हिला त्याचं दुःख नव्हतं. जिलबी वाचली म्हणाली.

एकदा एका शाळेत बाईंनी आदल्या दिवशी वर्गात सांगून टाकलं की उद्या नर्सबाई सगळ्यांच्या माना बघणार. झालं! दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर चाळीस मुलं रांगेत, आणि एकाही मानेवर काळं नाही. सगळ्या लालभडक. आयांनी रात्री पोरांना मोरीत बसवून वजरीने घासलं होतं. कुणी बेसन, कुणी लिंबू. माकडांची रांग पाठमोरी उभी केल्यासारखं दिसत होतं. एका पोराच्या तर डोळ्यात पाणी. मी हसायला लागलो तशी हिने मला वर्गाबाहेर काढलं. मग प्रत्येकाच्या हाती घरी चिठ्ठी दिली. चिठ्ठी अजून माझ्या लक्षात आहे: "मुलाच्या मानेला घासणी लावू नये. घासायचीच असेल तर कढई घासावी, आणि घासून झाल्यावर पालथी ठेवावी."

आता मी तिथं कुठे होतो, तर मी हमाल. मी निवृत्त झालो, दोन वर्षांनी तीही झाली. पण ही घरी बसेना. एक तरुण डॉक्टर शाळांतून शिबिरं घ्यायचा, त्याच्याबरोबर ही फुकट जायला लागली. वजनकाटा आणि उंची मोजायची दांडी न्यायला कोण? माझी स्कूटर. शाळेत ती माझी ओळख करून द्यायची, "हे आमचे हमाल. बिनपगारी. चहा द्या, बिस्किट देऊ नका."

वजनाच्या बाबतीत तिची एक रीत होती. पोर काट्यावर उभं राहायचं ते काट्याकडे पाठ करून. आकडा ही स्वतः बघायची, चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी दुमडून पोराच्या मुठीत. मोठ्याने कधी नाही. तेराचौदा वर्षांच्या पोराचं वजन वर्गात ओरडलं की ते पुढच्या वर्षी त्या दिवशी शाळेत येतच नाही, आणि ज्याला तपासायचं तेच हातचं जातं, असं ती सांगायची. एका शाळेत पी.टी.चे सर मदतीला उभे. एक जाडजूड मुलगा काट्यावर चढला आणि सर ओरडले, "अडुसष्ट! वा रे पैलवान!" वर्ग खदाखदा हसला. पोराचं तोंड एवढंसं झालं.

ही उठली. "सर, जरा काट्यावर या. काटा बरोबर आहे का ते बघायचंय."

सर बिचारे चढले. ही खणखणीत आवाजात म्हणाली, "ब्याण्णव!" मग वर्गाकडे वळून, "हसा ना. आता का थांबलात?"

सर पुढे वर्षभर सकाळी मैदानाला फेऱ्या मारताना दिसायचे, आणि आम्ही गेलो की स्वतः काटा उचलून न्यायचे. म्हणजे माझं काम तेवढं कमी झालं.

घरी मला सवलत नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीत उभं करून शिंप्याच्या टेपने कंबर मोजायची. मी श्वास ओढून पोट आत घ्यायचो. "धरून ठेवा," ती म्हणायची, "मी बसते. मला घाई नाही." आणि खरंच खुर्ची ओढून बसायची. शेवटी माणूस किती वेळ धरणार?

एवढं सगळं जगाचं मोजलं, पण स्वतःच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा कधी बांधू दिला नाही. मी म्हटलं तर म्हणायची, "मला माझं कळतं." काही कळत नव्हतं. हा तिचा शुद्ध मूर्खपणा. मी सरळ लिहितो. ती असती तर वाद घातला असता आणि जिंकलीही असती, पण मूर्खपणाच.

आता बाटल्यांची गोष्ट. गेल्या वर्षीची.

मुलींची शाळा, नववीचा वर्ग. त्या दिवशी लघवी तपासायची होती. प्लास्टिकची छोटी बाटली प्रत्येकीला, वर नाव. बाटलीत कागदाची पट्टी बुडवायची. रंग निळाच राहिला तर ठीक, तपकिरी झाला तर लघवीत साखर. पहिल्या तीन रांगा नीट गेल्या. सगळ्या निळ्या. शेवटच्या दोन रांगांतल्या अकरा मुलींच्या बाटल्या आल्या. पहिली पट्टी तपकिरी. दुसरी तपकिरी. तिसरी, चौथी, अकराच्या अकरा काळ्या चहासारख्या तपकिरी.

डॉक्टर गोंधळला. "आजी, पट्ट्या खराब झाल्या असतील."

मोठ्या बाई घाबरल्या. "अहो, एकदम अकरा जणींना? संसर्ग वगैरे आहे का?"

हिने एक रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "जा."

"मी?"

"तुम्ही रोज चोरून गूळ खाता. पट्टी खराब असेल तर तुमचीही तपकिरी होईल. जा."

मी गेलो. काय करणार? आलो. मोठ्या बाईंसमोर, डॉक्टरसमोर, माझ्या बाटलीत त्याच डब्यातली पट्टी बुडवली गेली. निळीशार. आयुष्यात पहिल्यांदा मी शाळेत पास झालो.

"पट्ट्या चांगल्या आहेत," ही म्हणाली. "या अकरा बाटल्या एकीच्याच आहेत."

मग तिने त्या अकरा मुलींना वेगळ्या वर्गात नेलं. मीही दाराशी. मोठ्या बाई दरडावायला लागल्या, "कोणी केला हा वाह्यातपणा? नाव सांगा, नाहीतर पालकांना बोलवीन!" अकराजणी पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभ्या. मैत्रिणीचं नाव कोण सांगतंय? हिने मोठ्या बाईंना हात जोडून बाहेर जायला सांगितलं. मग मुलींना म्हणाली, "तुमच्या संडासाची कडी मोडलीय, मी बघून आले. म्हणून तुम्ही जायला लाजलात. मीही लाजले असते. रागावणार नाही. आता फक्त एक सांगा. आत्ता, या मिनिटाला, परत जायला सांगितलं तर कोणाकोणाला होईल?"

दहाजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक हात वर गेला. काटकुळी, लांब वेणी, गणवेश खांद्यावरून उतरलेला, काखेत पाण्याची मोठी बाटली.

"मला केव्हाही होते, बाई," ती म्हणाली. "या मला टँकर म्हणतात."

सगळ्या फिस्सकन हसल्या. तीही हसली. हसली नाही ती फक्त आमची ही. तिने पोरीचा हात धरला, बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब मशीनला लावला. मशीनने आकडाच दाखवला नाही. त्याच्या मोजण्याच्या पलीकडे साखर गेली होती. ही मला म्हणाली, "रिक्षा थांबवा. मीटर काही म्हणू दे, थांबवा."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून दोनचार दिवसांनी आणली असती तर बेशुद्धच आणली असती. पोरगी दोनतीन महिने वाळत होती, घरचे टॉनिक पाजत होते. हा मान काळी करणारा प्रकार नव्हता, दुसरा होता. यात शरीर इन्सुलिन बनवायचंच बंद होतं आणि ते रोज सुईने द्यावं लागतं. हिला स्वतःचा राग आला. "मी माना बघत बसले," म्हणाली, "आणि ही शेवटच्या बाकावर पाणी पीत बसली होती."

पोरीची आई धुण्याभांड्याची कामं करते, घरात दोघीच. ती रडायला लागली. "जन्मभर सुई? पोरीच्या जातीला?"

ही म्हणाली, "जन्मभर आंघोळ करायचीय हे सांगितलंस तेव्हा रडली होती का ती? तसंच हे."

संध्याकाळची सुई आई द्यायला शिकली. सकाळी मात्र आई साडेपाचलाच कामावर जायची. म्हणून सकाळी सातला पोरगी आमच्याकडे. एक औषधाची बाटली तिच्या घरी पाण्याच्या मडक्यात गार ठेवलेली, एक आमच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या जागी. ही सुई द्यायची, खायला घालायची, खाल्लेलं डोळ्यांनी बघायची आणि मगच शाळेला सोडायची. सुई घेतली आणि खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते, पोर चक्कर येऊन पडतं. हे मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की झोपेत विचारलं तरी सांगीन.

पोरगी धीट. शाळेच्या गच्चीवरून पतंग काढून आणणारी. डॉक्टरने लिहून दिलेल्या रेघेपर्यंत औषध बरोब्बर भरायची, बुडबुडा टिचकीने काढायची. पण सुई स्वतःच्या पोटाला लावायची म्हटलं की हात थांबायचा. हिने तिला संत्र्यावर सराव दिला. महिनाभर संत्री टोचली. "संत्र्यांची साखर आटोक्यात आलीय," मी म्हणायचो, "पोरीचं काय ते बघा." मी फार बोललो की माझ्या नाश्त्याला तेच टोचलेलं संत्रं मिळायचं.

रोज सकाळी तोच संवाद.

"आज तू घे."

"उद्या, आजी."

"उद्या उद्या करत दहावी होईल. मी काय जन्मभर पुरणार आहे का तुला?"

"हो," पोरगी म्हणायची. अगदी साधेपणाने, पोट उघडं करून वाट बघत.

मग ही सुई द्यायची आणि दिवसभर माझ्यावर चिडचिड करायची. "ही पोरगी माझ्या हातावर जगतेय हो. हे बरं नाही. हात माझा आहे, जीव तिचा आहे." तिला दुसरी कसलीच काळजी नव्हती. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तेच, "उद्या हात धरून घ्यायला लावू का? की रागावू?" मी म्हणायचो, झोप.

असं चाललं होतं, आणि मग तो मटारचा दिवस आला.

संध्याकाळी सगळं उरकलं. पोरीची आई येऊन पायाशी बसून गेली. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा बाहेरच्या खोलीत पंधरावीस माणसं. सासवडहून माझी थोरली बहीण, अक्का, आली होती. कोणीतरी शेजारून चहा आणला. लोक मला म्हणत होते, बसा, पडा, रडा. मला यातलं काहीच जमेना. सात वाजले तसा मी उठून गॅलरीत गेलो.

खाली फाटकाशी पोरगी उभी. गणवेश, दप्तर, वेणी. जिन्यापर्यंत चपलाच चपला, त्या बघून थांबलेली.

"वर ये," मी ओरडलो.

"आई म्हणाली आज जायचं नाही. तुमच्याकडे सुतक आहे."

"मग खाली कशाला उभी आहेस?"

"माहीत नाही. आले."

ती वर आली. माणसांतून वाट काढत मी तिला स्वयंपाकघरात नेलं, फ्रिजमधून बाटली काढली. हात साबणाने धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, कोपरापर्यंत, हिने तिला शिकवलं होतं तसे. तिने औषध रेघेपर्यंत भरलं आणि सुई माझ्यापुढे धरली. मी घेतली. छत्तीस वर्षं या हातांनी दारूगोळा भरला, एकदा थरथरले नाहीत. आता सुईचं टोक असं नाचत होतं की मलाच दोन दिसायला लागली.

पोरगी माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही दिलीत तर माझी चाळण होईल."

"मग काय करू? आज राहू दे म्हणू?"

तिने माझ्या हातातून सुई काढून घेतली. पोटाची चिमूट धरली. डोळे मिटले. परत उघडले. ओठ दाबले आणि टोचली. मनात आकडे मोजत थांबली, सुई बाहेर काढली, आणि माझ्याकडे आश्चर्याने बघून म्हणाली, "हात्तिच्या! एवढंच?"

मग तिला रडू फुटलं. सुईचं नव्हे. मलाही तिथंच फुटलं, आदल्या दिवसापासून अडलेलं. दोघं ओट्याला टेकून रडलो. पण घड्याळ समोर होतं. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "रडायला दिवस पडलाय. आधी खायचं."

खायला काहीच नव्हतं. घरात शिजवलेलं होतं ते बायकांनी आदल्या दिवशी टाकून दिलेलं. शेजारचं पिठलं दहाला येणार. मी डबे उघडले. ज्वारीचं पीठ सापडलं. भाकरी मला येते. लग्नाआधी खडकीला खोली करून राहायचो तेव्हा स्वतःच्याच हातची खायचो. गॅस पेटवला, तवा ठेवला, परात घेतली, पीठ मळलं आणि थापायला लागलो.

भाकरी थापली की आवाज होतोच. बाहेरच्या खोलीतलं बोलणं हळूहळू बंद झालं. अक्का दारात येऊन उभी राहिली.

"आरं, काय करतूस? सुतक हाय घरात. आज चूल पेटवायची नसती."

"अक्का, हिने सुई घेतलीय. अर्ध्या तासात पोटात गेलं नाही तर ही इथंच पडेल, आणि घरात दुसरं सुतक येईल. त्यापेक्षा हे चालवून घे."

मागून कोणीतरी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. मी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. फुगली नाही. एका कडेला जाड, एका कडेला फाटलेली. पोरगी ताटली घेऊन खाली बसली होती. अक्काने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि माझ्यापुढची परात ओढली.

"सर तिकडं. ही चावंस्तवर पोरीची शाळा सुटंल."

दुसरी भाकरी अक्काने थापली. मी ताटलीत दूध ओतलं, पहिली भाकरी त्यात चुरून दिली आणि पोरीचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत समोरून हललो नाही. मग चपलांमधून वाट काढत तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

"उद्यापासून सुई तुझी तू घ्यायची," मी म्हटलं. "खायला मात्र इथंच यायचं. सातला. मी बघितल्याशिवाय शाळेला जायचं नाही."

चार पायऱ्या उतरून ती थांबली, मागे वळली.

"भाकरी पातळ कराल ना, आजोबा?"